बीज राखील तो नव्याने पेरील

पिंपरी-चिंचवड म्हटले की मोटारी, स्कूटर, गिअर आणि फोर्जिंग डोळ्यांसमोर येतात. परंतु या नगरीच्या औद्योगिक जीवनाचा आरंभ पाहू गेल्यास तेथे लोखंडाच्या आधी एक बुरशी भेटते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ साली तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी तंत्रज्ञ व यंत्रसामग्रीचे साहाय्य दिले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ जन्माला यायला तेव्हा सात वर्षे अवकाश होता आणि टेल्कोचा पुणे प्रकल्प यायला अकरा. ज्या औषधासाठी नवस्वतंत्र देशाला परक्यांपुढे हात पसरावा लागत होता, ते औषध पुण्याजवळच्या एका खेड्यात बनू लागले, ही घटना त्या काळी राष्ट्रीय अभिमानाची होती. पिंपरीकर आजही त्या कारखान्याला आपुलकीने ‘एच. ए. कंपनी’ म्हणतात.

या घटनेनंतर ६९ वर्षांनी, २०२४ मध्ये, आंध्र प्रदेशातील काकीनाड्याहून बातमी आली की भारतात पेनिसिलिन-जीचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. त्या बातमीतील ‘पुन्हा’ या शब्दापाशी प्रत्येक विचारी माणसाने क्षणभर थांबावयास हवे. जी विद्या देशाला १९५५ साली अवगत झाली होती, तीच विद्या २०२४ मध्ये नव्याने, नव्या भांडवलाने आणि नव्या परिश्रमाने मिळवावी लागली. मधल्या काळात ती गेली कोठे?

हा प्रश्न केवळ औषधांचा नाही. जुन्या, गुंतागुंतीच्या तंत्रज्ञानावर समाजाने किती काळ टेकून राहावे आणि ते मोडून नवा डाव केव्हा मांडावा, हा पेच आज भोसरीपासून चाकणपर्यंत प्रत्येक लहानमोठ्या कारखान्यापुढे उभा आहे.

हातातली विद्या

पेनिसिलिनचे रासायनिक सूत्र कोणत्याही ग्रंथात सापडते. ते तयार करण्याची विद्या मात्र ग्रंथात मावत नाही. बुरशीचे उत्तम वाण शीतपेटीत जपावे लागते. ते पुनःपुन्हा वाढवत राहिले की त्याचा कस उतरतो. म्हणून शेतकरी जसा भरघोस कणीस निवडून बियाण्यासाठी वेगळे काढतो, तशी अधिक उत्पादन देणाऱ्या वाणाची निवड अखंड करीत राहावी लागते. लहान पात्रातून मोठ्या पात्रात आणि तेथून हजारो लिटरच्या टाकीत ते नेताना हवा, साखर, तापमान आणि आम्लता यांचा मेळ दिवसरात्र सांभाळावा लागतो. बाहेरचा एखादा जंतू आत शिरला तर सारी टाकी ओतून द्यावी लागते. पेनिसिलिन आम्लात टिकत नाही, त्यामुळे अर्क काढण्याचे काम थंडाव्यात आणि झटपट उरकावे लागते. ही सारी व्यवधाने सांभाळणारा पाळीवरचा कामगार घडायला वर्षे लागतात.

पिंपरीने ही विद्या केवळ उसनी घेतली नव्हती. तेथील संशोधकांनी तिच्यात स्वतःची भर घातली. डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीजन्य रोगांवरील ‘हॅमायसिन’ हे प्रतिजैविक शोधून काढले. हे द्रव्य देणाऱ्या सूक्ष्मजीवाला त्यांनी ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे नाव दिले. पिंपरी गावाचे नाव त्यामुळे विज्ञानाच्या कोशात कायमचे नोंदले गेले. शिकणारा देश शोध लावणारा देश होऊ शकतो, याचा तो पुरावा होता.

नव्वदच्या दशकात आयातीची दारे उघडली. चीनने प्रचंड क्षमतेचे कारखाने उभे करून भाव असे उतरवले की भारतातील उत्पादकांना पेनिसिलिन-जी बनवणे परवडेना. एकामागून एक कारखान्यांनी ते थांबवले. एच. ए. कंपनी आजारी उद्योगांच्या यादीत गेली. ती कंपनी आजही औषधे तयार करते. पण पेनिसिलिनचे मूळ द्रव्य बनवणारी ती जुनी पिंपरी आता उरलेली नाही.

याचा सारा दोष चीनच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते प्रामाणिकपणाचे नाही. जगभर वाणांची उत्पादनक्षमता वर्षागणिक वाढत असताना आपल्या सरकारी कारखान्यांत नूतनीकरणाचा निधीही अपुरा पडला आणि इच्छाशक्तीही. जोवर चालले तोवर आपण जुनेच ओढत राहिलो आणि चालेनासे झाले तेव्हा ते टाकून दिले. वेळच्या वेळी नवे केले नाही आणि टाकताना त्यातले मोलाचे काढून ठेवले नाही, अशा या दोन चुका होत्या. दुसरी चूक पहिलीहून महाग पडली.

त्याचा परिणाम २०२० मध्ये दिसला. पेनिसिलिन-जीपासून ६-एपीए हे द्रव्य मिळते आणि त्यापासून अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन अशी घरोघरी परिचित औषधे बनतात. जगाचे औषधालय म्हणून मिरवणारा आपला देश या मूळ द्रव्यांसाठी चीनवर विसंबून होता. कोरोनाची साथ चीनमध्ये पसरली आणि पुरवठा थांबण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा धोरणकर्त्यांची झोप उडाली. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने औषधांच्या मूळ द्रव्यांसाठी ६,९४० कोटी रुपयांची उत्पादनाधारित प्रोत्साहन योजना मंजूर केली. काकीनाड्याचा, वर्षाला १५,००० टन क्षमतेचा प्रकल्प हे त्याच योजनेचे फळ आहे. त्याचे स्वागत केलेच पाहिजे. पण गमावलेले बीज परत मिळवण्याची ही किंमत आहे, हेही विसरता कामा नये.

जेथे स्वस्त मिळते तेथून घ्यावे, घरी बनवण्याचा अट्टाहास कशाला, असे सांगणारे अर्थपंडित आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे एका मर्यादेत खरे आहे; प्रत्येक टाचणी घरी घडवली पाहिजे असे कोणी म्हणत नाही. परंतु परकी वस्तू स्वस्त मिळते ती आपल्या हाती पर्याय असतो तोवर. पर्याय संपला की भाव आणि पुरवठा दोन्ही विकणाऱ्याच्या मर्जीवर जातात.

टेल्कोची टूलरूम

याच नगरीत याच्या उलट उदाहरणही आहे. १९६६ मध्ये टेल्कोने पुण्यात पाऊल ठेवले तेव्हा सुमंत मूळगावकरांनी गाड्यांची घाई केली नाही. आधी यंत्रे बनवणारा विभाग, टूलरूम आणि शिकाऊ मुलांचे प्रशिक्षण यांची पायाभरणी झाली. जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी १९५४ पासून असलेला करार १९६९ मध्ये संपला, तरी ट्रक बनतच राहिले. कारण हात तयार झाले होते. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांच्या सहकार्याने हलकी मालवाहू वाहने भारतात आली, तेव्हा टेल्कोने १९८६ मध्ये स्वतः घडवलेली ‘४०७’ रस्त्यावर उतरवली. त्या स्पर्धेत ती टिकली आणि आजही खेडोपाडी धावते आहे.

त्याहून बोलके उदाहरण ‘इंडिका’चे. १९९८ मध्ये आलेल्या या मोटारीची जुळणी करण्यासाठी टेल्कोने ऑस्ट्रेलियातील निस्सानच्या बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रसामग्री विकत घेतली. ती सुटी करून जहाजांनी पिंपरीत आणली आणि येथे पुन्हा उभी केली. दुसऱ्याने टाकून दिलेल्या यंत्रावर आपली नवी मोटार उभी राहिली. हे शक्य झाले, कारण यंत्र उघडून त्याचे मर्म जाणणारी माणसे पदरी होती. जाणता असेल तर मेलेले यंत्रही पाया ठरते. जाणता नसेल तर कोरे करकरीत यंत्रही कुलूपबंद पेटीसारखे असते.

या दृष्टीने आज भोसरीतील एखाद्या लघुउद्योगात डोकावून पाहावे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेली सीएनसी मशीन तेथे अजून इमाने काम करते. तिचा कंट्रोलर जपानचा किंवा जर्मनीचा. त्यातील सारी मापे आणि मांडणी एका लहानशा बॅटरीच्या आधारावर स्मरणात राहते. ती बॅटरी वेळेवर बदलली नाही की मशीनला स्वतःचीच ओळख उरत नाही. सुटा भाग मिळत नाही, कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केले, आणि दुरुस्ती जाणणारा एकटा तंत्रज्ञ साठीला आला आहे. मशीन बदलायची तर कर्जाचा डोंगर, न बदलायची तर उद्याचा भरवसा नाही. या विवंचनेत शेकडो मराठी उद्योजक दिवस काढत आहेत.

कारखान्यांचे हस्तांतर होते तेव्हाही मोजदाद यंत्रांचीच होते. शेजारच्या तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि २०२० च्या अखेरीस तेथील उत्पादन थांबले. पुढे २०२३ मध्ये ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला. जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री यांचा सौदा झाला. बारा वर्षे ज्यांचे हात त्या कामावर बसले होते ते कामगार मात्र सौद्याबाहेर राहिले. कामगाराला केवळ वेतनाचा आकडा समजणारी दृष्टी समाजाच्या संचिताचा असा नाश करते. १९५५ मध्ये, पिंपरीत पेनिसिलिन निघाले त्याच वर्षी, दत्तोपंत ठेंगडींनी भारतीय मजदूर संघ स्थापन केला आणि विश्वकर्मा जयंती हा श्रमिकांचा दिवस म्हणून स्वीकारला. त्यामागील भाव हाच होता की श्रमिक हा विद्येचा धनी आहे.

चेतकचे दोन जन्म

नव्याने आरंभ करणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी आकुर्डीचे उदाहरण घ्यावे. इटलीच्या पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि बजाजने पुढच्याच वर्षी ‘चेतक’ आणली. मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या या स्कूटरवर वाढल्या. पुढे मोटारसायकलींचे युग आले, कामाचे केंद्र चाकणकडे सरकले आणि २००७ मध्ये आकुर्डीतील उत्पादन थांबले. २००९ मध्ये कंपनीने स्कूटर बनवणेच सोडण्याचा निर्णय जाहीर केला. जुने सोडून नवे घेण्याचा हा निर्णय धाडसाचा होता.

चक्र पुन्हा फिरले. २०२० च्या आरंभी चेतक विजेवर धावू लागली आणि जून २०२२ मध्ये आकुर्डीच्या त्याच भूमीवर विजेवरच्या वाहनांचा नवा कारखाना सुरू झाला. इतर अनेक बंद कारखान्यांच्या जागी सदनिकांचे मनोरे उभे राहिले असताना येथे पुन्हा कारखानाच उभा राहिला, ही समाधानाची गोष्ट आहे.

परंतु २०२५ मध्ये एक धक्का बसला. विजेच्या मोटरला दुर्मीळ मृदा धातूंचे चुंबक लागतात आणि जगातील बहुतेक चुंबक चीनमध्ये बनतात. त्या वर्षी एप्रिलमध्ये चीनने त्यांच्या निर्यातीवर नियंत्रणे आणली आणि पावसाळ्यात चेतकच्या उत्पादनाला फटका बसला. इंजिनाच्या बाबतीत पन्नास वर्षांच्या परिश्रमाने मिळवलेले स्वावलंबन नव्या आरंभात चुंबकापाशी अडले. पाया परक्याचा असेल तर नव्या आरंभाने केवळ मालक बदलतो, परावलंबन बदलत नाही.

येथेही पेनिसिलिनचीच कथा दिसते. इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी १९५० मध्ये स्थापन झाली आणि १९५२ मध्ये केरळातील अलवाये येथे समुद्री वाळूतील मोनाझाइटवर प्रक्रिया सुरू झाली. म्हणजे बीज आपल्याकडे होते. त्यापुढची धातूची आणि चुंबकाची पायरी आपण मोठ्या प्रमाणावर चढलोच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने असे चुंबक देशात बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. उशिरा का होईना, पाया घालण्याचे काम हाती घेतले गेले.

नवकलेवराची शिस्त

जुने धरून ठेवावे की मोडून टाकावे, असा हा वाद आधुनिक जगात मांडला जातो. आपल्या परंपरेने त्याचे उत्तर फार पूर्वी आचरणात आणले आहे. जगन्नाथपुरीचे श्रीविग्रह लाकडाचे आहेत आणि लाकूड झिजते. म्हणून ज्या वर्षी अधिक आषाढ येतो, त्या वर्षी नवकलेवर होते. १९७७, १९९६ आणि २०१५ मध्ये ते झाले. लक्षणयुक्त कडुनिंबाचे वृक्ष शोधले जातात, परंपरागत सुतार नवे विग्रह घडवतात, जुन्या विग्रहातील ब्रह्मपदार्थ नव्यात स्थापित होतो आणि जुने कलेवर श्रद्धेने भूमीत विसर्जित केले जाते. देह नवा होतो, प्राण तोच राहतो.

जपानमधील इसे येथील शिंतो मंदिरही दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत नव्याने बांधले जाते. सातव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली ही प्रथा मध्ययुगीन यादवीत शंभराहून अधिक वर्षे खंडित झाली, पण समाजाने ती पुन्हा उभी केली. २०१३ मध्ये ६२ वी पुनर्रचना पार पडली. वीस वर्षांचे हे अंतर अर्थपूर्ण आहे. विशीतला सुतार पहिल्या वेळी हाताखाली शिकतो, चाळिशीत स्वतः काम करतो आणि साठीत इतरांना शिकवतो. दगडाचे मंदिर हजार वर्षे टिकले असते, पण ते बांधणारा हात दोन पिढ्यांत नाहीसा झाला असता.

या दोन्ही प्रथांमागील व्यवहारज्ञान ध्यानात घेण्याजोगे आहे. नव्याने आरंभ करण्याची सवय समाजाने राखली, ठरावीक काळाने ती गिरवली, तर विद्या जिवंत राहते. संकट आल्यावर एकदम सर्व मोडून पुन्हा उभारणे याला आरंभ म्हणत नाहीत, ती धावपळ असते.

युगानुकूल आणि देशानुकूल

एप्रिल १९६५ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी मुंबईतील व्याख्यानांत एकात्म मानवदर्शन मांडले. जे आपले आहे ते युगानुकूल करावे आणि जे बाहेरचे आहे ते देशानुकूल करून घ्यावे, हे त्यांच्या विचाराचे सूत्र. त्या कसोटीवर पाहिले तर एच. ए. कंपनीत आपण आपले असलेले युगानुकूल केले नाही आणि विजेच्या मोटरच्या बाबतीत बाहेरचे देशानुकूल करण्याआधीच त्यावर विसंबलो. टेल्कोच्या टूलरूमने दोन्ही केले, म्हणून ती तरली.

आता कसोटीची घडी आली आहे. विजेच्या वाहनात पिस्टन, व्हॉल्व्ह, क्लच यांना स्थान नाही. हेच सुटे भाग बनवणारे असंख्य लघुउद्योग भोसरी, तळवडे आणि चाकणमध्ये आहेत आणि त्यांच्यावर हजारो घरांच्या चुली अवलंबून आहेत. त्यांनी इंजिनाला चिकटून राहावे असे म्हणणे आत्मघातकी ठरेल. सारे भंगारात काढून बाहेरून आलेल्या सुट्या भागांची नुसती जुळणी करावी, असे म्हणणेही तितकेच घातक आहे. सूक्ष्म मापाचे यंत्रण, धातूची पारख, डाय आणि फिक्स्चर घडवण्याचे कौशल्य हा त्यांचा ब्रह्मपदार्थ आहे. तो मोटर, कंट्रोलर, वैद्यकीय उपकरणे आणि संरक्षणसामग्री यांच्या नव्या कलेवरात नेता आला पाहिजे.

यासाठी सरकारने योजना आखाव्यात हे खरे. पण समाजाने करण्याचे कामही थोडे नाही. एखादा कारखाना बंद होत असेल तर त्याची यंत्रे लिलावात जाण्यापूर्वी तेथील जाणत्यांचे अनुभव, आराखडे आणि खुणा नोंदवून ठेवण्याची व्यवस्था उद्योजकांच्या संघटनांनी उभी करावी. पिंपरी-चिंचवडमध्ये टूलरूममधून निवृत्त झालेले कितीतरी फिटर, टर्नर आणि डायमेकर आहेत. त्यांच्यापाशी आठवड्यातून दोन संध्याकाळी मुले बसली तर एका पिढीची विद्या पुढच्या पिढीत उतरेल. हे काम कोणत्याही वस्तीतील कार्यकर्ता उद्यापासून हाती घेऊ शकतो. लहान उद्योगांनी एकत्र येऊन एखादी मोटर किंवा एखादा कंट्रोलर संपूर्ण स्वतः घडवून पाहावा. पहिला नमुना महाग पडेल, पण बीज हाती येईल.

आणि मध्यमवर्गीय घरांनीही स्वतःला एक प्रश्न विचारावा. मुलगा आयटीआयला जातो म्हटले की आपल्या स्वरात उणेपणा का येतो? विश्वकर्म्याची पूजा करणाऱ्या समाजात हाताच्या कामाला दुय्यम लेखले जाते, ही विसंगती कोणत्याही सरकारी योजनेने दूर होणारी नाही. ती घराच्या उंबरठ्याच्या आतच दूर करावी लागेल.

पिंपरीपासून देहू हाकेच्या अंतरावर आहे. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली तरी ती तरली, ही कथा महाराष्ट्राचे लेकरू जाणते. वारकरी तिचा अर्थ असाही सांगतात की वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या कंठात होते. पेनिसिलिनची विद्या काही थोड्या हातांत आणि फायलींत होती, म्हणून ती बुडाली. इंजिन, मोटर, चुंबक, उद्या येणारे आणखी काही, यांतले काय टिकेल हे आज कोणालाच सांगता येणार नाही. जे लोकांच्या हातांत उतरले असेल ते टिकेल. चाकणच्या कारखान्यांत पुढच्या दहा वर्षांत यंत्रे बदलतीलच. ती बदलण्यापूर्वी किती तरुण हातांत विद्या उतरली, याचा हिशेब आजपासून मांडायला हवा.